गोजराची ओंजळ

केवडापूर नावाच्या एका छोट्याशा राज्यात गोजरा नावाची मुलगी राहत होती. तिला फक्त आई होती. आईचं नाव हौसा. हौसा रानातून पळसाची पानं आणायची, बांबूच्या बारीक चोया टोचून त्यांच्या पत्रावळी लावायची आणि बाजारात नेऊन विकायची. पत्रावळी खपल्या तर घरात भात शिजायचा, नाही खपल्या तर पेज. गोजराकडे एकच झगा होता. आईच्या जुन्या लुगड्यातून बेतलेला, कधीकाळी निळा असलेला. धुऊन धुऊन त्याचा रंग राखेसारखा झाला होता आणि कोपरावर एक ठिगळ होतं.

गोजरा रोज बालवाडीत जायची. बालवाडी म्हणजे कौलारू छपराची एक खोली, आत गोणपाटाची बैठक आणि शिकवायला सुमतीबाई. खोलीच्या मागे मात्र एक बाग होती. तिथे गुलाबी गुलबक्षी, पिवळीधमक शेवंती, लालचुटूक कर्दळ आणि कुंपणाशी जाईचा एक नाजूक वेल होता. सगळी मुलं घरी गेली की गोजरा विहिरीजवळच्या दगडी डोणीतून ओंजळीओंजळीनं पाणी आणून त्या वेलाला घालायची. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं. वेलाची इवली पानं दुपारी माना टाकायची, ते तिला बघवायचं नाही.

एक दिवस राजवाड्यातून निरोप आला की उद्या सकाळी राणीसाहेब बालवाडी बघायला येणार आहेत. निरोप घेऊन खुद्द कारभारी आले. त्यांच्या पागोट्यावर मोरपिसांचा तुरा होता. त्यांनी खोली पाहिली, गोणपाट पाहिलं आणि सुमतीबाईंना बजावलं की ज्या मुलांकडे रेशमी कपडे असतील तीच पुढे बसतील. बाकीच्यांनी मेंदीच्या कुंपणामागे बसायचं, आणि आवाज करायचा नाही. मुलं सगळी सारखीच आहेत, असं बाई म्हणाल्या. कारभाऱ्यांनी ते ऐकून घेतलं, पण हुकूम बदलला नाही.

त्या संध्याकाळी गोजरा नेहमीसारखी पाणी घालायला गेली. आकाश केशरी झालं होतं. वेलाजवळ कोळ्याच्या जाळ्यात काहीतरी चमकत होतं. आधी तिला वाटलं काजवा असेल. जवळ जाऊन बघते तर करंगळीएवढी एक परी. तिचे चंदेरी पंख जाळ्याच्या धाग्यांत गुरफटले होते. गोजरानं गवताची एक काडी घेतली आणि एकेक धागा अलगद बाजूला केला. जाळं मात्र तिनं मोडलं नाही, कारण कोपऱ्यात कोळी बसला होता आणि ते त्याचं घर होतं.

परी मोकळी झाली. तिनं पंख झटकले, तशी चांदण्यासारखी बारीक भुकटी पानापानांवर सांडली.

"मी जाईपरी," ती म्हणाली. तिचा आवाज घुंगरासारखा बारीक होता. "तू माझ्या वेलाला जगवलंस, आज मलाही सोडवलंस. तुला तीन इच्छा दिल्या. पण तीन नियम ऐक. तुझ्या ओंजळीत मावेल तेवढंच मागायचं. काय मागणार ते आधी कुणाला सांगायचं नाही. आणि उद्या सूर्य मावळला की उरलेल्या इच्छा विरून जातील."

गोजरानं आपली ओंजळ पाहिली. ती अगदी लहान होती. तिनं हळूच विचारलं, की रेशमी झगा ओंजळीत मावेल का. परी म्हणाली, परीलोकीचं रेशीम इतकं तलम असतं की अख्खा झगा घडी घालून एका फुलात ठेवता येतो. गोजराला फार आनंद झाला. सकाळी मागू म्हणजे झगा चुरगळणार नाही, असं ठरवून ती घरी गेली.

घरी हौसानं तिचा झगा धुतला आणि चुलीपुढे धरून वाळवला. लाकडं ओली होती, धूर फार झाला. सकाळी हौसाला डोळे उघडता येईनात. पापण्या सुजून लाल झाल्या होत्या. तशाच डोळ्यांनी ती चाचपडत मुलीची वेणी घालायला बसली. मला जरा कमी दिसतंय एवढंच, तू वेळेवर जा, असं ती म्हणत होती.

गोजरा उठून अंगणात गेली. अजून दोन इच्छा उरतील, असा तिनं विचार केला. डोळे मिटले, ओंजळ धरली आणि आईच्या डोळ्यांसाठी औषध मागितलं. ओंजळीत गार, रुपेरी दव भरलं. तिनं ते आईच्या पापण्यांवर सोडलं. सूज उतरली, लाली गेली, आणि हौसानं समोर पाहिलं तर सगळं लख्ख दिसत होतं. तिनं विचारलं, हे कुठून आणलंस? बागेतलं आहे, एवढंच गोजरानं सांगितलं.

बालवाडीच्या फाटकाशी तिची मैत्रीण चांगुणा रडत बसली होती. राणीसाहेबांपुढे स्वागताचं गाणं तीच म्हणणार होती. पण आदल्या दिवशी सराव करून करून तिचा घसा बसला होता आणि शब्दच फुटत नव्हता. गाणं दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. गोजरानं तिचे डोळे पुसले. मग विहिरीमागे गेली आणि परत आली तेव्हा तिच्या ओंजळीत सोनेरी मध होता. चांगुणानं तो चाटून संपवला आणि पहिला सूर लावून पाहिला. सूर मोकळा, गोड लागला. ती हसत आत पळाली.

आता एकच इच्छा राहिली होती.

कारभाऱ्यांनी मुलं निवडायला सुरुवात केली. रेशमी झगे, जरीच्या टोप्या, मोत्यांच्या माळा पुढे गेल्या. बाकीची मुलं कुंपणामागे. गोजराही मागे गेली. पण ती खिन्न नव्हती. ती बागेच्या टोकाला जाईच्या वेलाआड उभी राहिली. तिला झगा कसा हवा ते ठरलं होतं. मोरपंखी रंगाचा, काठाला शेवंतीची पिवळी फुलं. तिनं डोळे मिटून ओंजळ पुढे केली.

तेवढ्यात रस्त्यावर शिंगं फुंकली गेली, ढोल वाजले. राणी हेमांगीची पालखी आली होती. गोजरा डोळे उघडून वेलाआडून बघत राहिली, आणि थोड्या वेळानं त्या गलक्यात तिला अगदी जवळून कुणाचं तरी रडणं ऐकू आलं.

कर्दळीमागे एक लहानगा मुलगा बसला होता. अंगात साधा पांढरा सदरा, पाय अनवाणी. गोजराला वाटलं, हाही आपल्यासारखा मागे पाठवलेला. पण त्याचा ओठ सुजला होता, एक डोळा मिटला होता आणि श्वास घेताना त्याच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. बाजूच्या झाडाच्या खाली आलेल्या फांदीला गांधीलमाश्यांचं पोळं होतं. मुलानं त्याला हात लावला असावा.

गोजरानं बाईंना हाक मारली. ढोलांच्या आवाजात ती कुणालाच ऐकू गेली नाही. मुलाचा श्वास आणखी बारीक झाला. त्यानं तिचा झगा मुठीत घट्ट धरला होता.

मोरपंखी झगा क्षणभर तिच्या डोळ्यांपुढे आला. मग तिनं ओंजळ धरली आणि म्हणाली, "याला बरं करील ते दे."

ओंजळीत पोपटी रंगाचा, वाळ्याच्या वासाचा लेप आला. तिनं तो त्याच्या ओठाला, डोळ्याला, गळ्याला लावला. हळूहळू शिट्टी थांबली. मुलानं एक लांब श्वास घेतला आणि तिच्या मांडीवर डोकं टेकलं. गोजरा त्याला थोपटत राहिली. तिला थोडं रडू आलं, तिनं डोळे बाहीला पुसले.

ढोल एकदम थांबले. राजपुत्र दासीचा हात सोडून कुठेतरी गेला, म्हणून धावपळ उडाली. राणी स्वतः शोधत शोधत कुंपणामागे आली. तिच्यामागून कारभारी धावले. इथे पाहण्यासारखं काही नाही, पुढे चला, अशी ते विनवणी करत होते.

राणीनं गोजराच्या मांडीवरचा मुलगा पाहिला आणि ती तिथेच मातीत बसली. तो तिचा उदयराज होता. ढोलांना घाबरून तो पळाला होता, आणि जरीचा अंगरखा टोचतो म्हणून त्यानं तो आणि पायातल्या मोजड्या काढून झुडपात टाकल्या होत्या. मला माशी चावली, ताईनं औषध लावलं, असं त्यानं सांगितलं. राणीनं गोजराचे दोन्ही हात हातात घेतले. त्या हातांना अजून वाळ्याचा वास येत होता.

"बाळ, तू इथे मागे का बसलीस?" राणीनं विचारलं.

"माझ्याकडे रेशमी कपडे नाहीत म्हणून," गोजरा म्हणाली.

राणीनं बाकीच्या मुलांकडे पाहिलं. ती सगळी आवाज न करता बसली होती. मग तिनं आपल्या मुलाच्या साध्या सदऱ्याकडे पाहिलं.

"याच्याही अंगावर रेशीम नाही," ती म्हणाली. "मग आम्हीही इथेच बसतो."

कारभाऱ्यांनी मान खाली घातली. पुढची मुलं मागे आली, गोणपाट बागेत अंथरलं गेलं आणि चांगुणानं तिथेच गाणं म्हटलं. उदयराज गोजराला चिकटून बसला होता. जाण्यापूर्वी राणीनं सुमतीबाईंना विचारलं की मुलं दुपारी काय खातात. बाईंनी खरं ते सांगितलं, की काही जण काहीच खात नाहीत. राणीनं तिथल्या तिथे ठरवलं की इथे रोज गरम जेवण होईल, आणि ते रांधायचं काम गोजराच्या आईला दिलं. यापुढे कुठलंही मूल कुंपणामागे बसणार नाही, हेही तिनं कारभाऱ्यांकडून वदवून घेतलं.

संध्याकाळी गोजरा बागेत आली, तेव्हा जाईपरी एका कळीवर बसली होती.

"तुझ्या तिन्ही इच्छा संपल्या," परी म्हणाली. "झगा राहिला. वाईट वाटतं का?"

गोजरानं विचार केला. "थोडंसं वाटतं," ती म्हणाली. "पण तो बरा झाला, ते जास्त चांगलं वाटतं."

परी हसली. तिनं पंख उघडले आणि बागभर उजेड पसरला. आधी मोतिया, मग गुलाबी, मग इतका निळा की गोजरानं डोळे मिटून घेतले. डोळे उघडले तेव्हा कळी रिकामी होती आणि नुसता मंद सुवास उरला होता. गोजराचा झगा तोच होता. लुगड्याचा, ठिगळाचा. पण त्याचा रंग मात्र पहाटेच्या आकाशासारखा निळाशार झाला होता, आणि पुढे कितीही धुतला तरी तो रंग कधी उतरला नाही.

दुसऱ्या दिवशी राजपुत्र बालवाडीत आला. त्याला गोणपाटावर मांडी घालता येत नव्हती. गोजरानं शिकवली. मग दोघांनी हौसाच्या हातचा गरम भात पत्रावळीवर घेतला आणि शेवटच्या शितापर्यंत संपवला.