झुंज खात्याची पाटी

एका रानाच्या वेशीवर पूर्वापार साळिंदरांचा पहारा असे. सगळे त्याला ‘राखण खातं’ म्हणत. नव्याने गादीवर बसलेल्या रानडुकराला हे नाव फारच मिळमिळीत वाटलं. "राखण तर बुजगावणंही करतं. आजपासून हे झुंज खातं," त्याने फर्मावलं.

म्हातारा हवालदार भिकोबा साळिंदर हात जोडून म्हणाला, "महाराज, लांडगे नावाला भीत नाहीत, आमच्या काट्यांना भितात."

"मग काट्यांनीच नाव कोरा."

हुकूम तो हुकूम. झाडांवर, दगडांवर, पाणवठ्यावरच्या कासवाच्या पाठीवरसुद्धा नवं नाव कोरायचं होतं. दोन अक्षरं झाली की काटा बोथट व्हायचा, मग दुसरा उपटायचा. भिकोबाने शेवटचा काटा उपटला आणि जन्मात पहिल्यांदा त्याच्या पाठीला वारं लागलं. त्याने वळून पाहिलं, तर अख्खी पलटण सोललेल्या रताळ्यांसारखी रांगेत उभी.

तिसऱ्या दिवशी लांडगा आला. वेशीवरची पाटी वाचून तो जरा दबकला. "झुंज खातं इथंच का?" त्याने अदबीने विचारलं.

"इथंच," भिकोबा कुडकुडत म्हणाला.

लांडग्याने रांगेवरून एकवार नजर फिरवली. "अक्षर सुरेख आहे," म्हणाला आणि सरळ आत गेला.

थोड्याच वेळात रानडुक्कर जीव घेऊन धावत वेशीकडे आलं. "अरे राखण करा, कुणीतरी राखण करा."

भिकोबाने पाटीकडे बोट दाखवलं. "ते खातं आपणच बंद केलंत, महाराज."