बुडवलेली वाटी

फार वर्षांमागची गोष्ट. एक नगर होतं. नगराच्या वरच्या अंगाला तळं होतं, तळ्याला मातीचा बांध होता, आणि बांधाच्या पायथ्याशी एका कुंभाराचं घर होतं. कुंभाराचं नाव हैबती, त्याच्या बायकोचं नाव येसू, आणि तिच्या कडेवर सहा महिन्यांचं तान्हं.

त्या नगरात राजा नव्हता. लोकच आपला कारभारी निवडायचे. निवडीच्या दिवशी इच्छुकांनी चावडीपुढच्या ओट्यावर उभं राहून आपापलं म्हणणं मांडायचं आणि सगळ्या नगरानं ते ऐकायचं.

पण बोलायची एक रीत होती. ओट्यावर पाण्यानं भरलेलं गंगाळ असे. त्यात तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सोडत. वाटीत हळूहळू पाणी चढे नि ती बुडे. ती तरंगत आहे तोवर एकानंच बोलायचं. ऐकणाऱ्यांतून कुणी तोंड उघडलं, तर त्याच्या घरादारानं दिवस मावळायच्या आत वेशीबाहेर जायचं! पूर्वी सभेत भांडणं होऊन डोकी फुटत, म्हणून म्हाताऱ्यांनी हा नियम घातला होता. नियम चांगलाच होता म्हणा. पण चांगल्या नियमानंही कधी कधी गळा आवळतो.

तो भाद्रपदाचा महिना होता. तळं काठोकाठ भरलं होतं. सगळं नगर सभेला गेलं होतं. हैबती आणि येसू तेवढे भट्टी लावण्यात मागे राहिले होते. माती आणायला हैबती घरामागे गेला, तो बांधाच्या बुडातून पाणी येताना दिसलं. नितळ असतं तर एवढी भीती नव्हती. पण पाणी गढूळ होतं. म्हणजे बांध आतून खचत होता.

त्यानं येसूला हाक मारली, दोघांनी मिळून भोकात पेंढा कोंबला. पेंढा वाहून गेला. गोणपाट कोंबलं, तेही फुगून बाहेर आलं. मग तो भोकाला पाठ लावून बसला आणि टाचा चिखलात रोवल्या.

"येसू, पळ! माणसं घेऊन ये."

"आणि तुम्ही?"

"मी उठलो तर आपलं घर जाईल, आणि मागोमाग नगर. बघत काय राहिलीस? पळ!"

पोराला कडेवर घेऊन येसू धावत सुटली. सभेशी पोचली तेव्हा तिला धड श्वास घेता येत नव्हता. आणि ओट्यावर वाद कशावर चालला होता म्हणता? बांधावरच!

धान्याचा व्यापारी दादोबा हात उंचावून सांगत होता, "मला निवडा, बांधाला दगडी भिंत घालतो. हे निळोजी म्हणतात, जादा पाण्याला वाट द्यायला सांडवा काढू. अहो, आपलं पाणी आपणच सांडायचं? घरात तरी असं करता का?"

वाटी बुडाली. सेवकानं ती लगेच उचलून पुन्हा सोडली. जुन्या कारभाऱ्याचा पुतण्या निळोजी वाटच पाहत होता. "भिंत घालणार म्हणे! दादोबा, तुमच्या वखारीची भिंत गेल्या साली पडली, ती आधी उभी करा!"

लोक हसले. हसायला बंदी नव्हती.

येसूनं शेजारच्या गंगूमावशीचा दंड धरून ओढला. मावशीनं ओठांवर बोट ठेवलं आणि तिलाच खाली बसवलं. येसूनं चिखलाचे हात दाखवले. मावशीनं आपल्या पदरानं ते पुसून दिले! येसूनं तळ्याकडे बोट केलं. पुढच्या माणसानं मान डोलावली. बांधावरच तर चाललंय, असं त्याला वाटलं.

बोलावं, तर पोराला घेऊन वेशीबाहेर जायचं. गप्प बसावं, तर तिकडे धनी चिखलात रुतलेला. भोक किती मोठं झालं असेल? पाणी त्याच्या कमरेला लागलं असेल, की छातीला?

तिच्या डोळ्यांना धार लागली. ती निळोजीनं पाहिली.

"बघा, या माउलीकडे बघा! बांधाखालच्या गरिबांचं दुःख मी मांडलं, नि हिचे डोळे भरून आले!"

वाटी बुडाली, पुन्हा तरंगली. दादोबा गरजला, "तुमचं ऐकून नाही, माझं ऐकून आले! माझ्या वेळेपासून रडतेय ती!"

तेव्हा येसू उठली. पोर गंगूमावशीच्या मांडीवर टाकलं, तरातरा ओट्यावर चढली, गंगाळात हात घातला आणि वाटी तळाशी दाबून धरली.

सेवक वाटी काढायला धावला. तिनं हात हलवला नाही.

"वाटी बुडाली आहे," ती म्हणाली. "आता बोलले तर नियम मोडत नाही. बांध फुटतोय! माझा धनी भोकाला पाठ लावून बसलाय. बाया-बापयांनो, चला!"

गंगूमावशीच ओरडली, "अगं बाई, म्हणून हात चिखलाचे होते!" आणि सगळा जमाव बांधाकडे धावला.

हैबती छातीपर्यंत पाण्यात होता. ओठ काळेनिळे पडले होते, हाका मारल्या तरी ओ देत नव्हता. लोकांनी त्याच्या दोन्ही बाजूंना मातीच्या गोण्या रचल्या आणि मगच त्याला ओढून काढलं. तो निघताच जागा गोण्यांनी भरली, वर मातीच्या पाट्या पडू लागल्या. हळूहळू पाणी थांबलं. येसूनं नवऱ्याला भट्टीच्या उबेला निजवलं, तळवे चोळले. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले.

"आलीस? फार उशीर केलास गं."

येसू हसतही होती, रडतही होती.

लोक चावडीवर परतले. ओट्यावर ते दोघे अजून भांडतच होते.

"माझी वाटी अर्धीच झाली होती, मला पुन्हा मिळाली पाहिजे!"

"आधी माझी!"

गंगूमावशी म्हणाली, "भावांनो, समोर माणूस नव्हतं, तुम्ही बोलत कुणाशी होता?"

दोघं ओट्यावरून खाली उतरले.

त्या वर्षी कारभारी निवडलाच नाही. लोकांनी ठरवलं, आधी काम करा, मग मत मागा. दादोबानं दगड वाहून भिंत घातली, निळोजीनं खणून सांडवा काढला. बांधाला दोन्ही हवंच होतं, हे तेव्हा दोघांना कळलं. आणि नियमात नगरानं भर घातली: संकट सांगणाऱ्याला केव्हाही बोलता येईल.

हैबती-येसूला नगरानं उंचवट्यावर घर बांधून दिलं, बांधाची राखण सोपवली आणि घरोघरचं धान्य लावून दिलं. त्यांची भट्टी वर्षभर पेटती राहिली, पोराच्या पाठीवर लेक झाली, आणि भर पावसातही ते घर निर्धास्त झोपू लागलं.

तात्पर्य : ज्याला बोलता बोलता थांबून दुसऱ्याचं ऐकता येतं, त्याच्याच हाती नगर सुखरूप राहतं.