पाणवठ्यावरची पानं

रानातल्या पाणवठ्याचा कायदा कुणी केला, ते कुणालाच आठवत नव्हतं. काठच्या चिखलात ज्याचं पाऊल आधी उमटेल, त्यानं आधी पाणी प्यायचं. पावलं वाचून पाळी सांगायची ती कासवआजीनं, आणि तिचा शब्द वाघसुद्धा मोडत नसे.

एका उन्हाळ्यात माणसांनी तिथं सिमेंटचा हौद बांधला. चिखल गेला, पावलं उमटेनात. रानडुक्कर आणि सांबर एकमेकांच्या अंगावर धावून गेली. आजीला काही सुचेना.

तेवढ्यात झुडपातून धामण म्हणाली, "एका दिवसात एवढा आरडाओरडा! मला तर पायच नाहीत. माझी पाळी कधी लागलीच नाही. सगळे गेले की उरलेलं गढूळ पाणी पिते मी."

आजीची मान खाली गेली. धामणीच्या सरपटण्याची रेघ चिखलात रोज दिसायची. ते पाऊल नव्हे, म्हणून आपण ती कधी वाचलीच नाही!

"चुकलं माझं," आजी म्हणाली. "उद्यापासून प्रत्येकानं तोंडात एक पान आणायचं आणि कठड्यावर ओळीनं ठेवायचं. धामणबाई, तुला जमेल ना?"

"जमेल की."

"मग हाच कायदा."

रानडुक्कर गुरगुरलं, "म्हणजे वाडवडिलांचा कायदा मोडलास?"

"मोडला कुठं? पाळी तशीच आहे. पावलांनाच कायदा समजून बसले होते मी."

दुसऱ्या दिवशी पहिलं पान धामणीचं होतं. भर उन्हात ती पोटभर पाणी प्यायली. तिच्यामागे, कठड्यावर आपलं पान ठेवून, वाघ पाळीची वाट बघत उभा होता.