कमानीखाली

“...आणि उद्या मी तिथं नसलो तर, बाबा?”

यादोपंतांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. कंबळीबाबा फकीर काळगंगेच्या कोरड्या पात्रात बसून सावकाश भाकरी चावत होते.

पंत म्हणजे शेजारच्या तिसऱ्या राज्याचे वकील. काळगंगेच्या दोन काठांवरच्या दोन राजांची लढाई त्यांनी बारा वर्षांपूर्वी थांबवली. तेव्हापासून एका राजाचं बोलणं दुसऱ्याकडे जायचं ते पंतांच्या तोंडून. हळूहळू रयतेलाही तीच सवय लागली. इकडची शेळी तिकडे गेली, तरी धनी आधी पंतांचं दार गाठायचा.

आणि आता दोन्ही राजांनी कळवलं होतं, उद्या नव्या पुलावर आम्ही दोघंच भेटू.

“दोघंच! पहिल्याच शब्दाला तलवारी निघतील. दोन्ही काठांवर फौजा उभ्या आहेत. तुमचा शब्द ते मोडत नाहीत, बाबा. पंतांना मधे बसवा, एवढंच सांगा त्यांना.”

“दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. तुला काय लाभ झाला रे?”

“सुपारीचं खांडसुद्धा घेतलं नाही मी!”

“आणि मान?”



पंत खांद्यावरचा शेला सारखा करू लागले.

बाबांनी हात झटकले आणि ते पुलाकडे चालू लागले.

पुलाची मोठी कमान कालच जुळली होती. अर्धी या काठच्या गवंड्यांनी बांधलेली, अर्धी त्या काठच्या. खाली तिला तोलून धरणारा लाकडी साचा अजून उभा होता. आज तो उतरवायचा होता. साच्याच्या पायाशी दोन्हीकडे पाचरी होत्या. त्या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी, एकसारख्या सैल कराव्या लागतात. एक बाजू आधी खचली की कमान गेलीच.

या काठचा मिस्त्री सिद्राम, त्या काठचा लतीफ. सिद्रामचा बाप लढाईत गेला होता, लतीफचा भाऊ. दोघांतून विस्तव जात नव्हता. वर्षभर दगडाचं मापसुद्धा पंतांनीच इकडून तिकडे सांगितलं होतं.

पंतांनी खांद्यावरचा शेला काढला. “थांबा रे! मी मधे उभा राहून शेल्यानं इशारा देतो.”

बाबांनी त्यांचा हात धरला. म्हाताऱ्याच्या बोटांत एवढं बळ असेल असं पंतांना वाटलं नव्हतं. बाबा त्यांना घेऊन थेट कमानीखाली गेले, वाळूत बसले, आणि पंतांनाही बसवलं.

“बाबा... ही पडेल!”

“शेला ठेव मांडीवर.”

दोन्ही मिस्त्री हातोडे उचलून उभे राहिले. इशाऱ्यासाठी पंतांकडे बघू लागले. पंत बाबांकडे बघत होते. बाबांनी डोळे मिटले होते.

बराच वेळ कुणी हललं नाही. खाली दोन माणसं बसली होती, आणि एकटा कुणी घाव घालू शकत नव्हता.

शेवटी सिद्रामने घसा खाकरला.

“लतीफमिस्त्री... तयार का?”

पलीकडून आवाज आला, जडसा.

“तयार. तू म्हण.”

“हं... मार!”

दोन घाव, पण आवाज एकच. साचा करकरला. पंतांनी जीव मुठीत धरला.

“माझी बोटभर सरली. तुझी?”

“थोडी मागं हाय. थांब जरा... हां. मार आता!”

घाव पडत गेले. वरून चुना भुरभुरत होता. मग अख्ख्या कमानीतून एक खोल हुंकार निघाला, दगडानं दगडावर भार टाकला, आणि साचा वीतभर खाली बसला.

पंतांनी वर पाहिलं. दगड आणि लाकूड यांच्यामध्ये उजेड दिसत होता. एवढा डोंगराएवढा भार, आणि त्याला खालून कशाचाच टेकू नव्हता. त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला. आपोआप हात जोडले गेले आणि डोळे भरून आले.

दोन्ही बाजूंनी सिद्राम आणि लतीफ अजून एकमेकांना हाका मारत होते. पाचरी कधीच सुटल्या होत्या.

पंतांनी मांडीवरच्या शेल्यानं डोळे पुसले.

“बाबा... उद्या राजे वर भेटतील, तेव्हा मी कुठं बसू?”

बाबांनी त्यांच्या खांद्यावरचा चुना झटकला.

“आज बसलास तिथंच.”