पहिली सुरकुती

कोंडाबाई दासी घसा फुटेस्तोवर सांगत होती, "मी काही लपवलं नाही हो!" पण कुणी म्हणजे कुणी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. राणीसाहेबांच्या डोळ्याखाली सुरकुती दिसली होती, आणि राजवैद्य दामोदरशास्त्र्यांनी त्यांचा रोजचा शृंगार करणाऱ्या कोंडाबाईकडे बोट दाखवलं होतं.

"पहिली सुरकुती दिसली, त्याच दिवशी लेप सुरू करायचा," शास्त्री गरजले. "ती पाहून जो गप्प बसला, त्याचा कडेलोट करा! राणीसाहेबांना मी जन्मापासून ओळखतो. सुइणीच्या हातून पहिल्यांदा मीच घेतलं त्यांना."

कडेलोट म्हणताच शिपायानं कोंडाबाईचा दंड धरला. तरी तिनं विचारलं, "पाहून गप्प बसला तोच दोषी ना, शास्त्रीबुवा? मग तो कुणी का असेना?"

"कुणी का असेना!"

"मग राणीसरकार, तान्हं लेकरू पिळलेल्या फडक्यासारखं सुरकुतलेलंच जन्मतं. तुमची पहिली सुरकुती त्या दिवशीच दिसली असणार. तेव्हा मी कुठं होते?"

राणीसाहेब सावकाश वळल्या. शिपायानं कोंडाबाईचा दंड सोडला आणि चाचरत विचारलं, "मग दोषी कोण, सरकार?"

"दामोदरशास्त्री."