टिंगी आळीचं घर किसलं गेलं

आधी एक सांगतो. माझी शाळा सातवीतच सुटली. लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, तर माफ करा. मोठे शब्दही मला येत नाहीत. ही गोष्ट मी माझ्या भाचीला, रेणूला, जेवताना सांगतो. ती तीन वर्षांची आहे. तिला मोठे शब्द लागत नाहीत. ताई म्हणाली, लिहून काढ. म्हणून लिहिली. मोठ्याने वाचा. 'लुटू लुटू' आलं, की बोटं मुलाच्या हातावरून चालवा.

ऐका हं.

एक होती आळी. भाताच्या शिताएवढी. नाव तिचं टिंगी.

टिंगी सफरचंदात राहायची. घर लाल. घर गोल. आतून पांढरं. वर देठ. बाजूला छोटंसं दार.

आश्विन महिना आला. पाऊस गेला. ऊन आलं, पिवळं पिवळं.

टिंगी म्हणाली, "जरा ऊन खाऊन येते."

दारातून निघाली. लुटू लुटू, लुटू लुटू. खिडकीत गेली. ऊन खाल्लं. पोट भरून खाल्लं. परत आली.

घर नाही!

इकडे बघितलं. नाही. तिकडे बघितलं. नाही. ओट्यावर होती फक्त किसणी.

"किसणीताई, किसणीताई, माझं घर बघितलंस?"

"बघितलं की. किसलं. खस खस खस!"

"अगं बाई! मग कुठे गेलं?"

"कढईला विचार."

"कढईमावशी, कढईमावशी, माझं घर बघितलंस?"

"बघितलं की. तुपात परतलं. चर्र चर्र! रवा आला. मी म्हटलं, ये. दूध आलं. मी म्हटलं, ये. साखर आली. तिलाही म्हटलं, ये. वाफ आली, भस्स! शिरा झाला."

"अगं बाई! मग कुठे गेलं?"

"डब्यात."

टिंगीला घाम फुटला. घर गेलं. आता संध्याकाळी निजायचं कुठे?

टिंगी निघाली डब्याकडे. लुटू लुटू, लुटू लुटू.

"डब्या, डब्या, झाकण उघड.
बिनघराची आळी मी, सांग, निजू कुठे?"

"ज्जा! मी नाही उघडणार."

"का नाही?"

"आज भोंडला आहे. माझ्यात खिरापत आहे. खिरापत म्हणजे झाकलेला खाऊ. मुली ओळखतात, मगच झाकण उघडतं. न ओळखता उघडलो, तर सगळे डबे मला हसतील."

"मग काय करू?"

"मुलींना सांग. मुलींनी ओळखलं, तर उघडेन."

टिंगी निघाली मुलींकडे. लुटू लुटू, लुटू लुटू.

अंगणात मुली होत्या. एक उंच. एक बुटकी. एकीचे पुढचे दोन दात पडलेले. तिचं नाव छबी. मध्ये पाट. पाट रिकामा.

"मुलींनो, मुलींनो, खिरापत ओळखा.
डबा उघडेना.
बिनघराची आळी मी, सांगा, निजू कुठे?"

"ज्जा! आम्ही नाही ओळखणार."

"का नाही?"

"आधी फेर. फेरात गाणी. गाणी संपली की खिरापत. फेर असतो हत्तीभोवती. आज हत्तीच नाही. मग काय, तुझ्याभोवती फेर धरू?"

छबी हसली. दात नाहीत तिथून हसली.

"मग काय करू?"

"हत्तीला सांग. हत्ती बसला, तर ओळखू."

टिंगी निघाली हत्तीकडे. लुटू लुटू, लुटू लुटू.

हत्ती होता रांगोळीचा. पाटावरून उतरला होता. माठामागे उभा होता. तोंड लपवून.

"हत्ती, हत्ती, पाटावर बस.
मुली ओळखेनात, डबा उघडेना.
बिनघराची आळी मी, सांग, निजू कुठे?"

"ज्जा! मी नाही बसणार."

"का नाही?"

"हे बघ."

हत्तीने तोंड दाखवलं. सोंडच नव्हती!

"कुमुदकाकू माझी सोंड काढणार, तेवढ्यात शिरा लागायला लागला. काकू पळाल्या. सोंड राहिली. आता कुणी म्हणतं म्हैस. कुणी म्हणतं उशी. उशी! मी असा बसू पाटावर?"

"मग काय करू?"

"रांगोळीला सांग. रांगोळी आली, तर बसेन."

टिंगी निघाली रांगोळीकडे. लुटू लुटू, लुटू लुटू.

रांगोळी वाटीत बसली होती. पांढरी शुभ्र.

"रांगोळी, रांगोळी, सोंड काढ.
हत्ती बसेना, मुली ओळखेनात, डबा उघडेना.
बिनघराची आळी मी, सांग, निजू कुठे?"

"ज्जा! मी नाही येणार."

"का नाही?"

"मी काय अशीच येऊ? धबाधबा? मी चिमटीतून येते. बारीक, सुर्रर्र. पण काकूंची चिमूट रिकामी कुठे आहे?"

"मग काय करू?"

"काकूंना सांग. काकूंनी चिमूट सोडली, तर येईन."

टिंगी निघाली काकूंकडे. लुटू लुटू, लुटू लुटू.

कुमुदकाकू स्वयंपाकघरात उभ्या होत्या. उजवा हात वर. चिमूट घट्ट. पंखा बंद.

"काकू, काकू, चिमूट सोडा.
रांगोळी येईना, हत्ती बसेना, मुली ओळखेनात, डबा उघडेना.
बिनघराची आळी मी, सांगा, निजू कुठे?"

"ज्जा गं बाई! मी नाही सोडणार."

"का नाही?"

"चिमटीत वेलचीची पूड आहे. शिऱ्यात घातली का नाही घातली? आठवतच नाही! घातली नसली, तर ही शिऱ्यात. घातली असली, तर ही माझ्या चहात. डबा तर बंद. बघायचं कसं? सकाळपासून अशी उभी आहे. वेणीसुद्धा एका हाताने घातली."

खरंच. वेणी वाकडी होती.

"मग काय करू?"

"आमच्या गब्बू बोक्याला सांग. तो डबा हुंगेल आणि सांगेल. बोक्याने हुंगलं, तर सोडेन."

टिंगी निघाली बोक्याकडे. लुटू लुटू, लुटू लुटू.

ऊन जमिनीवर होतं. आता भिंतीवर चढलं. टिंगी जांभई देत चालली. लुटू लुटू, लुटू लुटू.

गब्बू बोका पोत्यावर पसरला होता. तोंड उघडं. डोळ्यांत पाणी.

"बोकोबा, बोकोबा, डबा हुंगा.
काकू सोडेनात, रांगोळी येईना, हत्ती बसेना, मुली ओळखेनात, डबा उघडेना.
बिनघराची आळी मी, सांगा, निजू कुठे?"

"ज्जा! बी दाही हुंगणार."

"काय?"

"बी दाही हुंगणार!"

"का नाही?"

"दाक बंद आहे. काकू सफरचंद सोलत होत्या. साल उडाली. दाकात गेली. शिंक आली, की साल जाईल. पण शिंक येतच दाही. बघ. आ... आ... आऽऽ... गेली परत."

"मग काय करू?"

"शिंकेला सांग. शिंक आली, तर हुंगेन."

टिंगी निघाली शिंकेकडे. लुटू लुटू, लुटू लुटू.

शिंक कुठे राहते? नाकात. अगदी आत. टिंगी बोक्याच्या मिशीवर चढली. नाकाच्या दारात उभी राहिली. आत ओरडली,

"शिंके, शिंके, बाहेर ये.
बोका हुंगेना, काकू सोडेनात, रांगोळी येईना, हत्ती बसेना, मुली ओळखेनात, डबा उघडेना.
बिनघराची आळी मी, सांग, निजू कुठे?"

आतून बारीक आवाज आला.

"ज्जा! मी नाही येणार."

"का नाही?"

"कुणी गुदगुलीच करत नाही. गुदगुली झाली, तर येईन."

"मग काय करू? गुदगुलीला सांगू?"

"गुदगुलीला कसं सांगशील? ती कुठेच राहत नाही. ती करावी लागते."

टिंगीने मागे बघितलं. कुणी नाही. पुढे बघितलं. कुणी नाही. आता सांगायचं कुणाला?

कुणालाच नाही.

टिंगीने डोळे मिटले. पोट आत घेतलं. आणि स्वतःच नाकात शिरली.

लुटू लुटू, लुटू लुटू, लुटू लुटू, लुटू लुटू...

"आ..." बोका म्हणाला.

लुटू लुटू.

"आ... आ..."

लुटू.

"आऽऽऽक् छीऽऽ!"

साल उडाली. टिंगी उडाली. सालीवर बसूनच उडाली. भुर्रर्र! काकूंच्या वाकड्या वेणीवर जाऊन पडली. टप्!

मग काय!

शिंक आली, तसा बोका उठला. नाक मोकळं. बोक्याने डबा हुंगला. सूं सूं!

"वेलची आहे! भरपूर आहे!"

बोक्याने हुंगलं, तशी काकूंनी चिमूट सोडली. चहात सोडली. टुप्!

काकूंनी सोडली, तशी रांगोळी आली. सुर्रर्र! लांब सोंड निघाली. जरा जास्तच लांब. पाटाच्या बाहेर, अंगणाच्या बाहेर, शेजारच्या दारापर्यंत.

"असू दे," हत्ती म्हणाला. "कमी नको."

रांगोळी आली, तसा हत्ती बसला. धप्प!

हत्ती बसला, तशा मुली फिरल्या. गोल गोल, गोल गोल. गाणी म्हटली. टाळ्या वाजवल्या. सोंडेवरून उड्या मारल्या. गाणी संपली.

काकूंनी डबा आणून मध्ये ठेवला. डबा हलवला. आवाजच नाही.

"ओळखा गं पोरींनो! काय आहे?"

"चिवडा!" उंच म्हणाली.

"नाही."

"करंजी!" बुटकी म्हणाली.

"नाही."

"भजी! लाडू! वरण!" छबी म्हणाली.

"वरण? खिरापतीला वरण आणतं का कुणी? नाही!"

मुली दमल्या. डबा गप्प. ऊन भिंतीवरून छपरावर गेलं.

तेवढ्यात काकूंच्या वेणीतून बारीक आवाज आला.

"माझं घर!"

"कोण बोललं?"

"मी, टिंगी. डब्यात माझं घर आहे."

"घर?" छबी म्हणाली. "कसलं घर गं?"

"लाल."

मुली विचारात पडल्या.

"गोल."

मुली आणखी विचारात पडल्या.

"आतून पांढरं. वर देठ."

"सफरचंद!" छबी ओरडली. "सफरचंदाचा शिरा!"

मुलींनी ओळखलं, तसा डबा उघडला. टण्ण!

काय तो वास! तुपाचा, वेलचीचा, सफरचंदाचा. बोका तर डोळे मिटून उभाच राहिला.

टिंगी डब्यात डोकावली. दार नाही. भिंत नाही. देठ नाही. सगळं मऊ, सगळं एकत्र. टिंगीला रडू आलं.

"हे माझं घर नाही. हा तर पसारा आहे."

"काकू!" छबी म्हणाली. "तुम्ही हिचं घर शिजवलंत!"

"अगंबाई!" काकू म्हणाल्या. "त्यात कुणी राहत होतं? मला वाटलं, सफरचंद किडकं आहे. भोक होतं त्याला."

"भोक नव्हतं," टिंगी म्हणाली. "दार होतं."

काकूंनी जीभ चावली. चहा तसाच ठेवला. पदर खोचला.

"रडू नको हं, टिंगूबाई. घर मोडलं कुणी? मी. मग बांधणार कोण? मीच!"

काकूंनी वाटी घेतली. वाटीला तूप लावलं. आत शिरा भरला. दाबला. वाटी बशीत उलटी केली. वर बोट वाजवलं. टक टक टक! वाटी उचलली.

शिऱ्याची मूद! गोल गोल, गुळगुळीत.

उंच मुलीने वर लवंग खोवली. झाला देठ. बुटकीने बाजूला बेदाणा लावला. झाली खिडकी. छबीने काडीने छोटंसं भोक पाडलं.

"भोक नाही," काकू म्हणाल्या. "दार म्हण."

टिंगी आत गेली. लुटू लुटू, लुटू लुटू. सगळे वाकून बघू लागले. हत्तीसुद्धा.

"कसं आहे गं घर?" काकूंनी विचारलं.

आतून उत्तर नाही.

"टिंगू? आवडलं नाही का?"

आतून आवाज आला. मचक् मचक्.

"भिंती गोड आहेत!" टिंगी म्हणाली. "थोडी भिंत खाल्ली तर चालेल का?"

"तुझंच घर आहे, बाई. छपरापासून खा."

मुलींनी आपापला शिरा खाल्ला. बोट चाटून खाल्ला. पण त्या मुदीला कुणी चमचा लावला नाही. बोक्यानेही नाही. टिंगीने अर्धी भिंत खाल्ली. उरलेल्या भिंतीला टेकून निजली.

घर आळीला, शिरा मुलींना, वेलची चहाला. आणि गोष्ट तुम्हाला.

हे सगळं मी रात्री लिहून संपवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रेणूच्या न्याहारीसाठी सफरचंद हातात घेतलं. सुरी बाजूला ठेवली. आधी टिचकी मारली. म्हटलं, "आहे का कुणी घरात?" रेणूने कान लावला. मग मला हळूच म्हणाली, "मामा, झोपलेत."

मी सफरचंद परत टोपलीत ठेवलं. अलगद ठेवलं. आणि केळ्याचा शिरा केला.