पाठ बघायचं वळण

उतरा ताई, घोडीवर बसून इथवरच यायचं. पुढचा चढ वाघजाईच्या देवळाचा, तो माणसानं चालत चढायचा. या जागेला पाठवळण म्हणतात. इथं आम्ही खोगीर काढतो आणि बसून आलेल्या माणसाला जनावराच्या पाठीवर हात ठेवायला लावतो. कधीपासून, ते मला सांगता येणार नाही. माझ्या आजाला त्याच्या आजानं सांगितलं होतं.

तेव्हा या डोंगराला गाडीरस्ता नव्हता. हवा खायला येणारे लोक घोड्यावरूनच चढायचे. म्हाळू ढेबे म्हणून एक घोडेवाला होता, त्याची तांबडी घोडी पवळी. माणूस वाईट नव्हता म्हणे. पण ऐन हंगामात खोगीर घासून पवळीच्या पाठीला जखम झाली. तिला चार दिवस मोकळी सोडायची, तर यानं जखमेत हळद भरली, वर घोंगडीची घडी ठेवली आणि लाल गोंड्यांचं खोगीर आवळलं. वरून काहीच दिसेना. आम्ही सगळ्यांनीच कधी ना कधी हे केलं आहे.

तिसऱ्या खेपेला पवळी या वळणावर थांबली. तिच्या पाठीवर एक जाडजूड पाहुणा बसला होता.

"काय रे, झोपली काय तुझी घोडी?"

"नखरे करते, साहेब," म्हाळू म्हणाला, आणि त्यानं काठी मारली.

ती उधळली नाही. पाहुण्याला पाडलंही नाही. आधी पुढचे गुडघे टेकले, मग मागचे. तो उतरेपर्यंत मान वर धरली आणि मग जमिनीवर टाकली.

म्हाळूनं खोगीर सोडलं, तर घोंगडीबरोबर कातडं निघून आलं. "मी यावर बसलो होतो?" एवढंच पाहुणा बोलला आणि पायी खाली गेला.

म्हाळूनं अंगातली बंडी काढली. ते खोगीर स्वतःच्या उघड्या पाठीवर घेतलं, पट्टा छातीवर आवळला आणि हा चढ चढला. देवीपुढे म्हणाला, "आई, हिचं मला दे."

खोगीर उतरवलं तेव्हा त्याची पाठ त्याच जागी उकललेली होती, असं सांगतात. तो खाली आला तर पवळी उभी राहून गवत खात होती. तिची जखम महिन्यात भरली आणि तिच्यावर पुन्हा कुणी बसलं नाही. म्हाळूची मात्र मरेपर्यंत भरली नाही, दर पावसाळ्यात चिघळायची. कुणी औषध सांगितलं तर म्हणायचा, "राहू द्या. आठवण राहते."

आजही इथं हात ठेवल्यावर पाठ ओली किंवा गरम लागली, तर त्या दिवशी त्या जनावरावर पुन्हा कुणी बसत नाही. निदान तशी रीत आहे. पाळणारे थोडेच उरलो. तुम्हा लोकांना घाई असते, आम्हालाही असते. मीही काल हिची पाठ कुणाला दाखवली नाही.

हे काढलं खोगीर. ठेवा हात. भिऊ नका, ती लाथ मारत नाही.

गरम आहे ना? सकाळी मलाही लागली होती.

द्या ते खोगीर माझ्या खांद्यावर. परतताना आपण तिघंही चालत जाऊ.